प्रमाणित वजावट कोणाला मिळते? – नोकरदार, सेवानिवृत्त व कुटुंब निवृत्तिवेतनधारकांसाठी एक अभ्यास

शिक्षणामुळे आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत नोकरी आली, नोकरीमुळे नियमित पगार आला आणि पगाराबरोबर आयकरही आला. राहुरी तालुक्यापुरते बोलायचे तर १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ, जिल्हा परिषदेच्या शाळा, एस.टी., वीज मंडळ, पाटबंधारे खाते, बँका आणि साखर कारखानदारी यांत आपल्या एका पिढीने सेवा केली. ती पिढी आता निवृत्तिवेतन घेत आहे व तिची मुले-मुली नोकरीत आहेत. असे असूनही पगारातून किती कर कापला गेला, तो का कापला गेला व तो परत मिळू शकतो काय, याची चौकशी करणारे फार थोडे. "ऑफिसने कापला म्हणजे बरोबरच असेल" असे म्हणून आपण गप्प बसतो. नाहीतर ओळखीच्या एखाद्या एजंटाच्या हाती आधार, पॅन व पासवर्ड देऊन मोकळे होतो. या दोन्ही सवयींत नुकसान आपलेच आहे.

आयकराच्या अफाट विषयातील एकच मुद्दा प्रस्तुत लेखात घेतला आहे. तो म्हणजे प्रमाणित वजावट, अर्थात ज्याला सर्वजण स्टँडर्ड डिडक्शन म्हणतात ती. ही वजावट कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही व किती मिळते, एवढे जरी प्रत्येक घरात समजले तरी पुष्कळ काम होईल.

१. प्रमाणित वजावट म्हणजे काय?

व्यापाऱ्याला नफा काढताना दुकानाचे भाडे, नोकराचा पगार, वीजबिल, मालाची वाहतूक असा सर्व खर्च वजा करता येतो व उरलेल्या नफ्यावरच त्याला कर पडतो. नोकरदारालाही नोकरीसाठी खर्च करावा लागतो. वांबोरीहून किंवा टाकळीमियाहून रोज राहुरीला यायचे म्हटले तर प्रवासखर्च आहे, कपडे आहेत, पुस्तके आहेत. परंतु लक्षावधी नोकरदारांनी अशा खर्चाच्या पावत्या सादर करायच्या आणि अधिकाऱ्यांनी त्या तपासायच्या, हे दोघांनाही परवडणारे नाही. म्हणून कायद्याने असे ठरविले की, पगाराच्या उत्पन्नातून एक ठरावीक रक्कम काहीही पुरावा न मागता वजा करावी. हीच प्रमाणित वजावट होय. तिच्यासाठी पावती लागत नाही, गुंतवणूक लागत नाही, अर्जही लागत नाही. फक्त एक गोष्ट लागते. आपले उत्पन्न कायद्याच्या दृष्टीने 'पगार' या शीर्षाखाली येणारे असले पाहिजे. पुढील सर्व विवेचन या एका वाक्यावर उभे आहे.

२. थोडा इतिहास

भारतात आयकर प्रथम १८६० साली जेम्स विल्सन यांनी आणला. पुढे १८८६, १९२२ व १९६१ असे कायदे झाले. ज्याचे उत्पन्न अमुक मर्यादेच्या आत आहे त्याच्यावर कर नाही, हे तत्त्व आयकरात आरंभापासून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना नेमक्या याच तत्त्वाकडे लक्ष वेधले होते. आयकर उत्पन्न पाहून घेतला जातो, पण शेतसारा मात्र लहान व मोठ्या शेतकऱ्याकडून, त्या वर्षी त्याला उत्पन्न झाले की नाही हे न पाहता वसूल होतो, हा अन्याय आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कर हा देणाऱ्याची ऐपत पाहून घेतला पाहिजे, हा विचार त्यात आहे. प्रमाणित वजावटही याच विचाराचे एक लहानसे रूप आहे.

पगारदारांसाठी प्रमाणित वजावट १९७४ च्या वित्त कायद्याने आली. त्या वर्षीचा अर्थसंकल्प मांडणारे अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण होते, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. त्या वेळी वजावटीची कमाल मर्यादा ३,५०० रुपये होती. ती वाढत वाढत १९९० च्या दशकाच्या मध्यास १५,००० रुपयांवर व पुढे ३०,००० रुपयांवर गेली. २००५ च्या अर्थसंकल्पात करमुक्त मर्यादा एक लाख रुपये करण्यात आली, कलम ८०सी आणण्यात आले आणि प्रमाणित वजावट मात्र रद्द झाली. त्यानंतर तब्बल तेरा वर्षे ती नव्हती. म्हणून त्या काळात निवृत्त झालेल्या अनेक बांधवांच्या मनात "ती सवलत बंद झाली" हेच अजून बसलेले आहे. ही समजूत आता दूर झाली पाहिजे.

२०१८ च्या अर्थसंकल्पात ती ४०,००० रुपये इतकी पुन्हा सुरू झाली व तिच्या बदल्यात वर्षाला १९,२०० रुपयांची प्रवासभत्त्याची व १५,००० रुपयांची औषधोपचार परताव्याची सूट काढून घेण्यात आली. नोकरदाराचा यात फारसा फायदा झाला नाही. परंतु निवृत्तिवेतनधारकाला पूर्वी यांपैकी काहीच मिळत नव्हते, त्याला हा निव्वळ लाभ झाला. २०१९ मध्ये ही रक्कम ५०,००० झाली. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ती नव्या करपद्धतीतही मिळू लागली आणि २०२४-२५ पासून नव्या पद्धतीत ती ७५,००० रुपये करण्यात आली. जुन्या पद्धतीत ती ५०,००० वरच राहिली.

३. वजावट कोणाला मिळते?

(अ) नोकरदार : सरकारी, निमसरकारी, सहकारी किंवा खाजगी कोणत्याही नोकरीत ज्यांना मालक-नोकर या नात्याने पगार मिळतो त्या सर्वांना ती मिळते. शिपाई, लिपिक, प्राध्यापक, वाहक, बँकेतील कर्मचारी, पेट्रोल पंपावरील कामगार, कोणीही असो. हुद्दा पाहिला जात नाही. कायम व तात्पुरता असाही भेद नाही.

(ब) स्वतःचे निवृत्तिवेतन घेणारे : आपण ज्या कार्यालयात नोकरी केली त्याच्याकडून मिळणारे निवृत्तिवेतन कायद्याने 'पगार' या शीर्षाखालीच येते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०१८ मध्ये खुलासा करून निवृत्तिवेतनधारकांना ही वजावट मिळेल असे स्पष्ट केले. तेव्हा "मी आता नोकरीत नाही, मला कशी मिळेल?" ही शंका कोणीही बाळगू नये.

(क) वर्षातील काही महिनेच नोकरी केलेले : एखादी मुलगी जानेवारीत नोकरीस लागली आणि मार्चअखेर तिला तीनच महिन्यांचा पगार मिळाला, तरी वजावट पूर्ण मिळते. ती महिन्यांच्या हिशेबाने कमी होत नाही. मात्र वजावट पगारापेक्षा जास्त होऊ शकत नाही. पगार ६०,००० रुपयेच मिळाला असेल तर वजावटही ६०,०००.

(ड) वर्षात दोन नोकऱ्या झालेले : येथे पुष्कळांची फसगत होते. पहिले कार्यालय हिशेबात ७५,००० वजा धरते व दुसरेही तेवढेच वजा धरते. विवरणपत्र भरताना दोन्ही पगार एकत्र करून वजावट मात्र एकदाच घ्यायची असते. ती दोनदा धरली गेली तर व्याजासह कर भरण्याची वेळ येते. निवृत्तीनंतर दुसरीकडे नोकरी धरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. निवृत्तिवेतन व नवा पगार मिळून वजावट एकच.

४. वजावट कोणाला मिळत नाही?

(अ) व्यवसाय करणारे : डॉक्टर, वकील, ठेकेदार, दुकानदार, शिकवणी घेणारे, रिक्षा चालविणारे. यांचे उत्पन्न धंदा-व्यवसाय या शीर्षाखाली येते. त्यांनी आपला प्रत्यक्ष खर्च वजा करावा अथवा कायद्यातील अंदाजित नफ्याच्या तरतुदीचा लाभ घ्यावा. प्रमाणित वजावट त्यांच्यासाठी नाही.

(ब) भागीदारी संस्थेतील भागीदार : त्यांना मिळणाऱ्या रकमेला 'पगार' म्हटले जाते, पण कायदा तिला धंद्याचे उत्पन्न मानतो.

(क) आमदार-खासदार : लोकप्रतिनिधी हे कोणाचे नोकर नसतात. त्यांचे वेतन 'इतर स्रोत' या शीर्षाखाली येते व त्यावर ही वजावट नाही.

(ड) फक्त व्याज, भाडे किंवा शेती यांवर जगणारे : बँकेतील ठेवीच्या व्याजातून प्रमाणित वजावट मिळत नाही. स्वतः विमा कंपनीची पेन्शन योजना विकत घेऊन तिची वार्षिकी घेणाऱ्यांनाही ती मिळत नाही, कारण ती मालकाकडून मिळालेली पेन्शन नव्हे.

(इ) कंत्राटी कामगार : हा प्रश्न आपल्या मुलांच्या दृष्टीने आज सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

५. 'कंत्राटी' म्हणजे नेमके काय?

हल्ली कायम नेमणुका कमी झाल्या व कंत्राटी नेमणुका वाढल्या. कंत्राटी हा शब्द मात्र दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरला जातो.

पहिल्या प्रकारात एखादी एजन्सी मुलाला कामावर ठेवते, हजेरी घेते, भविष्य निर्वाह निधी कापते, दरमहा पगार देते व कार्यालयात कामाला पाठविते. येथे कार्यालय त्याचे मालक नसले तरी एजन्सी त्याची मालक आहे. त्याचे उत्पन्न पगारच आहे व वजावट त्याला मिळते.

दुसऱ्या प्रकारात मुलाशी 'सल्लागार' म्हणून करार होतो. रजा नाही, निधी नाही, आणि बिलातून सरळ दहा टक्के कर कापला जातो. हे कायद्याच्या भाषेत व्यावसायिक शुल्क झाले. काम तेच, टेबल तेच, वेळही दहा ते सहा. परंतु प्रमाणित वजावट नाही.

आपण कोणत्या प्रकारात आहोत हे ओळखायचे कसे? आयकर विभागाच्या संकेतस्थळावर आपले २६एएस हे विवरण पाहावे. १९६१ च्या कायद्याप्रमाणे कापलेल्या करापुढे कलम १९२ लिहिले असेल तर तो पगार. १९४जे असेल तर व्यावसायिक शुल्क. १९४सी असेल तर कंत्राटाची रक्कम. फॉर्म १६ मिळाला तर पगार, फॉर्म १६ए मिळाला तर बहुधा अन्य उत्पन्न. १९६१ च्या कायद्याच्या जागी संसदेने आयकर कायदा, २०२५ केला असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत, पण पगार व व्यावसायिक शुल्क यांतील भेद तोच आहे.

या भेदाने किती फरक पडतो ते पाहा. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या पद्धतीने ज्या नोकरदाराचा वार्षिक पगार १२,७५,००० रुपये आहे, त्याचे उत्पन्न ७५,००० वजा जाता १२,००,००० होते व त्याला शून्य कर पडतो. तेवढीच म्हणजे १२,७५,००० रुपयांची निव्वळ मिळकत व्यवसाय म्हणून असणाऱ्याला ७१,२५० रुपये कर व त्यावर चार टक्के उपकर २,८५० रुपये, असे एकूण ७४,१०० रुपये भरावे लागतात. म्हणून मुलांनी नेमणुकीचे पत्र घेताना महिन्याची रक्कम पाहावी तशी नेमणूक कोणत्या स्वरूपाची आहे हेही वाचावे.

६. कुटुंब निवृत्तिवेतन – आपल्या भगिनींसाठी

कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन हे तिने केलेल्या नोकरीचे वेतन नव्हे. ते 'इतर स्रोत' या शीर्षाखाली येते. त्यामुळे ७५,००० रुपयांची वजावट त्यावर मिळत नाही. कायद्याने त्यासाठी वेगळी वजावट ठेवली आहे. मिळालेल्या रकमेचा एक तृतीयांश किंवा ठरलेली मर्यादा, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. नव्या पद्धतीत २०२४-२५ पासून ही मर्यादा २५,००० रुपये असून जुन्या पद्धतीत १५,००० रुपये आहे.

उदाहरणार्थ, एखाद्या भगिनीला वर्षाला ४,२०,००० रुपये कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. एक तृतीयांश १,४०,००० होतात, पण मर्यादा २५,००० ची. म्हणून तिचे उत्पन्न ३,९५,००० धरले जाईल. दुसरे उत्पन्न नसेल तर ते नव्या पद्धतीच्या चार लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आत राहते. दुसऱ्या भगिनीला वर्षाला ६०,००० रुपयेच मिळतात. तिची वजावट एक तृतीयांश म्हणजे २०,००० होईल, २५,००० नव्हे.

जी भगिनी स्वतः शिक्षिका अथवा परिचारिका आहे व पतीमागे कुटुंब निवृत्तिवेतनही घेते, तिला दोन्ही वजावटी मिळतात. स्वतःच्या पगारावर ७५,००० आणि कुटुंब निवृत्तिवेतनावर २५,००० पर्यंत. ही दोन वेगळी शीर्षे आहेत. विवरणपत्र भरणारा मनुष्य पुष्कळदा दोन्ही रकमा एकाच रकान्यात टाकतो आणि तिचे नुकसान करतो. सैन्यातील जवानाला मोहिमेवर कर्तव्य बजावताना वीरमरण आले असेल तर त्याच्या पत्नीला वा मुलांना मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन करमुक्त आहे, हेही येथे नमूद करतो.

७. शेती असलेला नोकरदार

राहुरी हा मुळा व प्रवरेच्या पाण्यावरचा उसाचा तालुका. नोकरी करणाऱ्या अनेकांच्या घरी एक-दोन एकर जमीन असते. शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकरातून मुक्त आहे व त्याला प्रमाणित वजावटीची गरज नाही. परंतु तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, दुसऱ्याच्या शेतावर किंवा विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर नोकरी करून मिळालेला पगार हे शेतीचे उत्पन्न नव्हे. नांगर शेतातच चालला तरी पैसा पगाराचा आहे. म्हणून तो करपात्र आहे व म्हणूनच त्यावर प्रमाणित वजावट मिळते.

दुसरी, दुधाचा किंवा कोंबडीपालनाचा धंदा कायद्याच्या दृष्टीने शेती नाही.

तिसरी, शेतीचे निव्वळ उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांपेक्षा अधिक असेल आणि बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरविण्यापुरते शेतीचे उत्पन्न हिशेबात धरले जाते. अशा व्यक्तीला 'सहज' म्हणजे पहिल्या क्रमांकाचे सोपे विवरणपत्र चालत नाही.

८. घरभाड्याची वेगळी वजावट

एखाद्याने घराच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या तर त्या भाड्यावरही एक ठरावीक वजावट आहे. तिला पावत्या लागत नाहीत, पण ती पगाराच्या वजावटीहून निराळी आहे. वर्षाचे भाडे ९६,००० व भरलेली घरपट्टी ६,००० असेल, तर ९०,००० रुपयांवर ३० टक्के म्हणजे २७,००० रुपये दुरुस्ती वगैरेसाठी वजा होतात व ६३,००० रुपये उत्पन्न धरले जाते. ही सवलत घराला आहे. नुसत्या मोकळ्या प्लॉटच्या भाड्यावर ती मिळत नाही.

ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांच्यासाठी एक खुलासा. अमेरिकेतही स्टँडर्ड डिडक्शन याच नावाची सवलत आहे. २०२५ सालासाठी एकट्या व्यक्तीस ती १५,७५० डॉलर आहे. परंतु तिच्यासाठी उत्पन्न पगाराचेच असावे अशी अट नाही, व्यवसाय करणाऱ्यालाही ती घेता येते. नाव एक असले तरी नियम वेगळे आहेत. तिकडचा सल्ला इकडे लावू नये.

९. जुनी पद्धत की नवी?

नवी करपद्धत आता आपोआप लागू होते. जुनी हवी असल्यास ती निवडावी लागते. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही, चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारा लाखांवर १० टक्के व पुढे वाढत जाऊन चोवीस लाखांवर ३० टक्के आहे. एकूण करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर साठ हजारांपर्यंतची करसवलत मिळून कर शून्य होतो. जुन्या पद्धतीत गुंतवणूक, घरभाडे भत्ता, गृहकर्जाचे व्याज इत्यादी वजावटी आहेत, पण दर चढे आहेत आणि शून्य कराची सीमा पाच लाख आहे.

एक उदाहरण पाहू. ६२ वर्षांच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन ५,४०,००० व ठेवीचे व्याज ६०,००० रुपये आहे.

नवी पद्धत : ५,४०,००० मधून ७५,००० वजा, उरले ४,६५,०००. त्यात व्याज ६०,००० मिळविता ५,२५,०००. यावर कर ६,२५० येतो, पण करसवलतीमुळे देय कर शून्य.

जुनी पद्धत : ५,४०,००० मधून ५०,००० वजा, उरले ४,९०,०००. व्याजासह ५,५०,०००. ज्येष्ठ नागरिकाची व्याजावरील ५०,००० ची सूट वजा करता ५,००,०००. कर १०,००० येतो व करसवलतीने शून्य होतो.

दोन्हीकडे कर शून्य आहे. असे असताना बँकेने व्याजातून कर कापला असेल तर तो पैसा त्या बांधवाचा आहे. पण विवरणपत्र भरल्याशिवाय तो परत येत नाही. प्रमाणित वजावट समजून घेण्याचे खरे महत्त्व येथे आहे.

थकबाकीविषयी एक शब्द. मागील काही वर्षांची वेतनाची थकबाकी एकाच वर्षी हाती आली तरी त्या वर्षी वजावट एकदाच मिळते. मात्र त्यामुळे वाढलेल्या करासाठी १९६१ च्या कायद्यात कलम ८९ खाली दिलासा आहे. त्यासाठी विवरणपत्रापूर्वी फॉर्म १०ई भरावा लागतो. तो न भरल्यास दिलासा नाकारला जातो.

१०. प्रत्येक घराने करावयाची कामे

१) फॉर्म १६ हाती येताच त्यात प्रमाणित वजावट किती दाखविली आहे ते स्वतः वाचावे. नवी पद्धत असेल तर ७५,०००, जुनी असेल तर ५०,०००.

२) २६एएस व वार्षिक माहिती विवरण पाहून कापलेला कर फॉर्म १६ शी ताडून पाहावा.

३) विवरणपत्र मुदतीत भरावे. साध्या पगारदारासाठी ही मुदत सामान्यतः ३१ जुलै असते. उशीर झाल्यास पाच लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास १,००० व त्यावरील उत्पन्न असणाऱ्यास ५,००० रुपयांपर्यंत शुल्क पडते आणि जुनी पद्धत निवडण्याचा हक्कही जातो.

४) ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांचे उत्पन्न केवळ निवृत्तिवेतन व त्याच बँकेतील व्याज एवढेच असेल, तर विहित बँकेत घोषणापत्र दिल्यावर बँकच हिशेब करून कर कापते व त्यांना विवरणपत्र भरावे लागत नाही. बँकेत याची चौकशी करावी.

५) "इतका परतावा आणून देतो, त्यातले इतके टक्के मला द्या" असे सांगणाऱ्याच्या नादी लागू नये. अशी माणसे खोट्या देणग्या, खोटे घरभाडे, खोटा औषधोपचार दाखवितात. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली. विवरणपत्र आपल्या नावाचे असते, म्हणून नोटीस आपल्याला येते, एजंटाला नाही. उत्पन्न चुकीचे सांगितल्याबद्दल कराच्या दुप्पट म्हणजे २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रमाणित वजावटीसाठी खोटे काहीच करावे लागत नाही, ती कायद्याने आपली आहे.

६) पॅन, आधार व पासवर्ड दुसऱ्याच्या स्वाधीन करू नये. घरातील शिकलेल्या मुलामुलींनी संकेतस्थळावर खाते उघडून आईवडिलांचे विवरणपत्र स्वतः भरून द्यावे.

समारोप

पगार, निवृत्तिवेतन, कुटुंब निवृत्तिवेतन, मानधन, भाडे, व्याज हे सर्व पैसे बँकेच्या एकाच पासबुकात जमा होतात, पण कायदा त्यांना वेगवेगळ्या रकान्यांत ठेवतो. आपला पैसा कोणत्या रकान्यातला आहे हे ओळखले की प्रमाणित वजावट आपल्याला लागू आहे की नाही, याचे उत्तर आपोआप मिळते. नोकरदार व निवृत्तिवेतनधारक यांना होय. कुटुंब निवृत्तिवेतनधारकांना होय, परंतु वेगळ्या नियमाने. व्यवसाय, भागीदारी, व्याज व सल्लागाराचे शुल्क यांना नाही.

अर्थसंकल्प दरवर्षी येतो व आकडे बदलतात. म्हणून प्रत्येक वर्षी नवे आकडे पाहून घ्यावेत. वस्तीतील दोन-चार सुशिक्षित तरुणांनी जून-जुलै महिन्यांत दोन रविवार विहारात बसून वृद्ध निवृत्तांची व विधवा भगिनींची कागदपत्रे पाहून दिली, तर परताव्याचा कितीतरी पैसा हक्काच्या घरी येईल. जो कर देणे लागतो तो प्रामाणिकपणे द्यावा आणि जो लागत नाही तो अज्ञानामुळे सोडून देऊ नये. नागरिक म्हणून कर्तव्य व हक्क या दोहोंची जाण ठेवणे यातच आपले हित आहे.